समोरच्या मिसळवाल्यांच्या मुलीवर जीव जडलाय, घरी सांगावं का?

तुझं वय अठरा लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करते. नाशिकमध्ये तुमचं मिसळीचं हॉटेल, रस्त्याच्या पलीकडे तिच्या वडिलांचं. दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बोलणं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तुमचं जमलं, जूनमध्ये ती शिकायला पुण्याला जाणार. ती जायच्या आत घरी सांगून टाकावं का, असं विचारलंयस.

मी त्या मुलीच्या जागी होते. साल 2003, अकरावीची परीक्षा नुकतीच झालेली. जे झालं ते मी बाहेरच्या कुणाला कधी सांगितलं नाही, पण तुझा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही.

आमचं दुकान पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या उतारावर. ज्याच्यावर माझा जीव जडला, त्याच्या घरच्यांचं बरोब्बर समोर. 1972 पर्यंत ही दोन दुकानं नव्हतीच, एक होतं. त्याचे आजोबा मसाला भाजायचे आणि माझे आजोबा चुलीवर रस्सा सांभाळायचे. खोबरं आणि कांदा किती काळा होऊ द्यायचा, कुठल्या क्षणी उतरवायचा, यावर काळ्या मसाल्याची सगळी भिस्त असते, आणि तो क्षण त्याच्या आजोबांना नाकाने कळायचा म्हणतात. मग दुष्काळ पडला. मटकी महागली, तेल महागलं. एक जण म्हणाला भाव वाढवू. दुसरा म्हणाला, भाव तोच ठेवू, रस्सा थोडा पातळ करू. त्यावरून भागीदारी मोडली आणि चुलीही दोन झाल्या.

आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं असं की रश्शात पाणी ओतायला निघाले ते समोरचे. आईला एखाद्याची लबाडी सांगायची असली की ती म्हणायची, 'पाणी ओतणाऱ्यांची जात.' पुढे कळलं की त्यांच्या घरी हीच गोष्ट तंतोतंत सांगतात, फक्त पाणी ओतणारे माझे आजोबा असतात. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं आणि दोघंही आता नाहीत.

मला आठवतंय तेव्हापासून मी त्याला बघत होते, पण वैऱ्याचा पोरगा म्हणून. सुट्टीत दोघंही सकाळी आपापल्या गल्ल्यावर. दोन्ही दुकानांना पाव देणारा एकच, सायकलवर लाद्या बांधून पहाटे यायचा. समोर किती लाद्या उतरल्या आणि दुपारी किती परत गेल्या, यावरून त्यांचा दिवस कसा गेला ते कळतं. तुलाही हे ठाऊक असणार. मी मोजायचे, तोही मोजायचा.

संध्याकाळी मी आजोबांना हाताला धरून गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, न्यायचे. मे महिनाभर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. आजोबांनी ती कधी चुकवली नाही. त्याचे आजोबाही यायचे. एक म्हातारा या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि दोघं एकच व्याख्यान ऐकतायत. आम्ही नातवंडं मागे पायऱ्यांवर. तिथे तो मला पहिलं वाक्य बोलला ते असं: "काल तुमच्या चार लाद्या परत गेल्या." मी म्हटलं, "तुमच्या सहा." दोघांचंही खरं होतं. नंतर बराच वेळ आम्ही फक्त धंद्याचंच बोललो. उन्हाळ्यात मटकीला मोड भराभर येतात आणि जरा दुर्लक्ष झालं की आंबूस वास धरतो, म्हणून आमच्याकडे पंच्याची पुरचुंडी रात्रीच सोडून ओल्या फडक्यावर पसरतात. त्यांच्याकडे पसरत नाहीत, दर तीन तासांनी पाणी मारतात. हे बोलताना तो हाताने पाणी शिंपडून दाखवत होता, आणि मला तेवढ्यावरूनच तो आवडला.

एकदा त्याने स्टीलच्या डब्यातून त्यांचा रस्सा आणला. नारोशंकराच्या देवळाजवळच्या पायऱ्यांवर बसून मी त्यात पाव बुडवला. सतरा वर्षं मी ज्यांच्या चुलीचा धूर खाल्ला त्यांचा घास पहिल्यांदा तोंडात घेत होते. आमच्यापेक्षा त्यांचा मसाला सरस होता. मी त्याला ते सांगितलं, आणि सांगताना घरच्यांशी द्रोह केल्यासारखं रडू आलं. दुसऱ्या दिवशी आमचा डबा त्याने खाल्ला आणि म्हणाला, "रस्सा तुमचा. आमचा असा एकजीव होत नाही." वीस-पंचवीस दिवसांत एवढंच घडलं बघ. हात हातात घेतला तोही एकदाच, व्याख्यान संपून दिवे गेले होते तेव्हा. पण माझ्या आयुष्यात तेवढं भरलेलं दुसरं काही त्या वयात नव्हतं. म्हणून 'सुट्टीतलं प्रेम म्हणजे पोरखेळ' असं कुणी तुला म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

त्या वर्षी सिंहस्थ कुंभमेळा होता. साधुग्राम तपोवनात, शाहीस्नानं ऑगस्टपासून, आणि तो महिना श्रावणाचा. पंचवटीतल्या प्रत्येक दुकानदाराच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की लाखो माणसं येणार, पण निम्मी कांदा-लसूण न खाणारी नाहीतर उपवासाची. त्याने मला विश्वासाने सांगितलं की त्यांच्याकडे उपवासाची मिसळ सुरू करायचं ठरलंय. साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, वरून बटाट्याचा चिवडा आणि दही. तेव्हा आमच्या उतारावर ते कुणाकडेच नव्हतं. साबुदाण्याची पोती येऊन पडली होती. 'कुणाला बोलू नकोस' असं तो म्हणालाही नाही, त्याला तसं म्हणायची गरज वाटली नाही.

चार दिवसांनी रात्री जेवताना बाबा काळजीत होते. एवढी गर्दी होणार आणि आपल्या पातेल्यात पहिला कांदाच पडतो, असं म्हणत होते. दादा गप्प होता. धंद्यातलं मला कधी कुणी विचारायचं नाही. दुकान दादाला मिळणार, मी गल्ल्यावर बसते ती सुट्टीपुरती. आणि मी बोलून गेले, "उपवासाची मिसळ ठेवली तर?" बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "सांग बघू कशी." मी सांगत गेले, अगदी चिवड्यासकट. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसे त्याआधी कधी बघितले नव्हते. त्या नजरेसाठी मी ते सगळं माझं म्हणून सांगितलं. चुकून निसटलं असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते. पहिलं वाक्य निसटलं असेल. चिवडा निसटला नव्हता.

आठवड्यात आमचा फळा रंगला.

तो व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवसांत एकदाच आला. "कुणी सांगितलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडेच सुचलं." तो खूप वेळ पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "वरून चिवडा घालायचं माझ्या आईला सुचलं होतं," आणि उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

इथे संपलं असतं तर एक सुट्टी आणि एक चूक एवढंच राहिलं असतं. पण त्यांच्या घरी बातमी कुणी फोडली याची शोधाशोध झाली. संशय गेला आचाऱ्यावर. पेठ तालुक्यातला माणूस, कितीतरी वर्षं त्यांच्याकडे. दोन्ही दुकानांतली पोरं त्याला मामा म्हणायची, मीसुद्धा. आमच्या वाढप्याबरोबर तो कधीमधी बिडी ओढायचा, तेवढा पुरावा पुरला. जूनमध्ये त्याला काढून टाकलं. गाठोडं घेऊन उतारावरून जाताना मी त्याला गल्ल्यावरून बघितलं. मला सगळं माहीत होतं आणि मी सुट्टे पैसे मोजत राहिले.

त्याने मात्र नंतर आपल्या वडिलांना खरं सांगितलं. मार खाल्ला असं ऐकलं. वडिलांनी मामांना निरोप धाडला, पण तोवर गावाकडे भाताची लावणी सुरू झाली होती आणि मामा परत आले नाहीत. कशाला येतील?

ऑगस्टच्या 27 तारखेला रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली. 39 भाविक गेले. त्या दुपारी उतारावरच्या सगळ्या दुकानांनी विक्री थांबवून पाणी वाटलं. आम्ही दोघं एकाच पिंपातून कळशा भरत होतो. माझी भरली की तो त्याची लावायचा. एका शब्दानेही बोललो नाही, आणि त्या दिवशी ते बरोबरच होतं.

मी बाबांना हे सांगितलं ते अकरा वर्षांनी, 2014 मध्ये, माझं लग्न होऊन मूल झाल्यावर. मामांचंही सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, उठून दुकानात गेले. पुढच्या वर्षी पुन्हा सिंहस्थ आला, पुन्हा श्रावणातच. मी माहेरी आले तर फळ्यावर उपवासाची मिसळ नव्हती. दादा चिडलेला, ऐन गर्दीत चालता पदार्थ बंद केला म्हणून. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, उपवासाचं काही?" आणि बाबा हात वर करून रस्त्यापलीकडे दाखवायचे. असं का, ते त्यांनी दादालाही सांगितलं नाही.

समोरून अजून बोलणं नाही. पण त्या श्रावणात एका सकाळी पाव कमी पडले, तेव्हा त्यांच्या पोऱ्याने न मागता दोन लाद्या आणून आमच्या बाकावर ठेवल्या.

तर तुझ्या प्रश्नाकडे येते. घरी सांगायचं की नाही, हे तू एकट्याने ठरवू नकोस. तिला विचार. तू सांगितलंस की तुझ्या घरी चार दिवस आरडाओरडा होईल, पण तिचं पुण्याला जाणंच रद्द होऊ शकतं. मुलीच्या बाबतीत घरचे पहिल्यांदा शिक्षणावरच कुऱ्हाड घालतात, हे मी आजूबाजूला पाहिलंय. ती 'थांब' म्हणाली तर थांब. पुण्यात तिचं पहिलं वर्ष नीट पार पडू दे.

आणि मला तुमच्या घरच्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते. तुम्ही दोघं धंद्यातली माणसं आहात, बोलता बोलता धंद्याचं बोलणारच. तिने सांगितलेलं काहीही, मसाल्याचं प्रमाण असो, भाव असो, नवी जागा असो, तुझ्या घरच्या ताटापर्यंत पोचता कामा नये. तुला ते चांगल्या हेतूने सांगावंसं वाटेल. वडील थकलेले दिसतील, एक वाक्य बोललास तर त्यांचा चेहरा उजळेल असं वाटेल. त्या वेळी ताटावरून उठून जा. उलटही तसंच. तुमच्या घरचं तिला सांगून तिच्यावर गुपिताचं ओझं टाकू नकोस.

तुम्हा दोघांबद्दल कुणाला कळलं आणि आळ तुमच्याकडच्या एखाद्या कामगारावर आला, चिठ्ठ्या यानेच पोचवल्या, फोन यानेच दिला असं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला खरं बोल. तेव्हा तिचीही परवानगी मागत बसू नकोस. खरं बोललास तर तुला फार तर मार पडेल, पण गप्प राहिलास तर त्या माणसाची नोकरी जाईल.

वैर का पडलं तेही दोघं आपापल्या घरी विचारा, वेगवेगळे, आणि मग एकमेकांना सांगून बघा. आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विचारा, आईवडिलांना नंतर. आम्ही विचारलं नाही. ज्या संध्याकाळी दोन्ही आजोबा पटांगणावर पन्नास पावलांवर बसलेले होते, त्या संध्याकाळी उठून कुणाला तरी विचारता आलं असतं.

आणि ती निघेल त्या दिवशी ठक्कर बझारच्या बसस्टँडवर जाऊ नकोस. बसमध्ये बसवायला तिचे वडील येतील. आदल्या दिवशी भेट, आणि डबा घेऊन जा.