एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय : कशात काय दिसतं?

प्रश्न : आईला (वय ६८) सकाळी अचानक बोलता येईना, उजवा हातही लुळा पडला. हॉस्पिटलमध्ये लगेच डोक्याचा सीटी काढला. तो नॉर्मल आला, तरी पक्षाघात म्हणून इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय काढायला लावला. पहिल्यांदाच एमआरआय का नाही? सीटीचे पैसे वायाच गेले ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही गेले. तो सीटी नॉर्मल आला म्हणूनच इंजेक्शन देता आलं. पक्षाघातात मेंदूतली रक्तवाहिनी एक तर गुठळीने बंद पडते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं तर जिवावरच बेतायचं.

ताजं रक्त सीटीवर पांढरंशुभ्र उठून दिसतं आणि डोक्याचा स्कॅन काही सेकंदांत होतो. गुठळीचा पक्षाघात मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सीटीला एवढंच विचारलं होतं, ‘रक्तस्राव आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं आणि ते पुढच्या कामाला लागले. हे औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे एकेक मिनिट मोलाचं.

एमआरआयमध्ये रक्त न मिळालेला भाग अर्ध्या तासातसुद्धा चमकताना दिसू शकतो. त्या बाबतीत तो सीटीच्या कितीतरी पुढे. पण तिथे हलायचं नसतं, पेशंटच्या अंगात पेसमेकर वगैरे नाही ना याची खात्री करावी लागते. बोलता न येणाऱ्या, घाबरलेल्या माणसाकडून हे सगळं करून घेण्यात वेळ जातो. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयने नेमका किती भाग गेला ते कळलं. दोन्ही तपासण्या आपापल्या जागी बरोबर होत्या.

प्रश्न : तीन आठवडे कंबर धरली आहे. डॉक्टरांनी काहीच काढायला सांगितलं नाही. शेजारी म्हणतात, एक्स-रेत काय कळतंय, सरळ एमआरआय काढून टाक. – नाशिक

उत्तर : एक्स-रेबद्दल शेजारी बरोबर आहेत. त्यात हाडं दिसतात. मणक्यांमधली चकती आणि दबलेली नस दिसत नाही, त्या एमआरआयमध्ये दिसतात. पण पुढचा सल्ला मी मानणार नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी निम्म्याहून अधिक जणांत फुगलेली चकती सापडते. रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ वाचलं की मग धडधाकट माणूससुद्धा वाकायला घाबरतो.

साधं दुखणं बहुतेकांचं सहा आठवड्यांत आटोक्यात येतं. मात्र पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वीचा कॅन्सर किंवा पडल्याचा मार, यातलं काहीही असेल तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : मूतखड्याची कळ आली. सोनोग्राफीत किडनीला सूज दिसली, खडा नाही. आता सीटी सांगितला आहे. रेडिएशनची भीती वाटते. – लातूर

उत्तर : किडनीतून खाली उतरणाऱ्या नळीत खडा अडकला की आतड्यातल्या गॅसमुळे सोनोग्राफीला तो सापडत नाही, ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. साध्या एक्स-रेत युरिक अ‍ॅसिडचे खडे दिसत नाहीत. सीटीत जवळपास सगळे दिसतात, तेही शिरेतून औषध न देता.

रेडिएशनचं म्हणाल तर निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) मिळतं. छातीच्या एका एक्स-रेत सुमारे ०.१, पोटाच्या नेहमीच्या सीटीत साधारण ८ ते १०. खड्यासाठी कमी डोसचा सीटी करता येतो, त्यात हा आकडा बराच खाली येतो. तसा करता येईल का, हे सेंटरवर जरूर विचारा. त्यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही. दर वेळी कळ आली की सीटी, असं मात्र होऊ देऊ नका.

प्रश्न : माझ्या हृदयात स्टेंट आहे. एमआरआय चालेल का? मंगळसूत्र काढावंच लागतं का? – डोंबिवली

उत्तर : हल्लीचे जवळजवळ सगळे स्टेंट चालतात, पण डिस्चार्ज कार्ड बरोबर आणा. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

मंगळसूत्र काढायचं. एमआरआयचं यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबकच. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण धातू तापू शकतो, शिवाय चित्र बिघडतं. जोडवी, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, दंडावरचा ताईत, सगळं बाहेर ठेवायचं. काचेच्या बांगड्यांनी काही होत नाही. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळपास तीस हजारपट, आणि स्कॅन चालू नसतानाही चुंबक चालूच असतं. २०१८मध्ये मुंबईत एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला आणि जिवाला मुकला. दारावरच्या माणसाने अडवलं तर हुज्जत घालू नका.

प्रश्न : दिवस गेलेत हे कळायच्या आधी दाताचा एक्स-रे काढला होता. बाळाला धोका आहे का? – पणजी

उत्तर : नाही. किरण जबड्यावर असतात, गर्भाशयापर्यंत पोचणारं प्रमाण नगण्य. त्यासाठी गर्भपाताचा विचार मनात आणू नका. पुढच्या कुठल्याही तपासणीआधी मात्र दिवस गेल्याचं आवर्जून सांगा.

प्रश्न : ‘फुल बॉडी स्कॅन’चं पॅकेज दर वर्षी घ्यावं का? – ठाणे

उत्तर : काही त्रास नसेल तर नको. हमखास कुठेतरी एखादी निरुपद्रवी गाठ सापडते आणि तिच्यापायी आणखी चार तपासण्या होतात. ते पैसे रक्तदाब, साखर आणि वयानुसार लागणाऱ्या मॅमोग्राफीसारख्या (स्तनांचा एक्स-रे) तपासण्यांसाठी ठेवा. आणि कुठलाही स्कॅन काढायला याल तेव्हा जुन्या फिल्म किंवा सीडी घेऊन या, नुसता रिपोर्टचा कागद नको. गाठ दोन वर्षांपूर्वी तेवढीच होती, हे आम्हाला त्यातूनच कळतं.