मिक्सटेप ऐकून पुढे मोठा होणारा नवा रॅपर ओळखता येतो का?

ओळखता येतो. मी ओळखला होता आणि घरात एकानेही मानलं नव्हतं, म्हणून उत्तर जरा लांबणार, चालवून घ्या.

२०१० ला मी अमळनेरहून जळगावला अपडाऊन करायचो, भुसावळ पॅसेंजरने. कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत पोरं डॅटपिफ नावाच्या साइटवरून मिक्सटेप उतरवून ठेवायची, म्हणजे रॅपरने बरेचदा दुसऱ्याच्या बीटवर म्हणून नेटवर सोडलेला गाण्यांचा संच, फुकटच असायच्या, त्यातली एक माझ्या २ जीबीच्या कार्डात आली. जे. कोल नावाच्या पोराची 'द वॉर्म अप', २००९ ची. नाव कधी ऐकलं नव्हतं. इयरफोनचा डावा कान बंद, बाहेर कपाशी, आणि धरणगाव येईपर्यंत मी एकच गाणं चार वेळा मागे नेऊन ऐकलेलं. जे-झी या बड्या अमेरिकन रॅपरच्या १९९६ च्या गाण्याची बीट, म्हणजे शब्दांमागचं संगीत, घेऊन हा त्यावर स्वतःचं सांगत होता. निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण यमक नुसतं ओळीच्या शेवटाला येऊन बसत नाही, मधेच दोनदा लागून जातं, हे कानाला कळत होतं. दुसऱ्या दिवशी पाळधीला गाडी क्रॉसिंगला थांबली तेव्हा वहीच्या मागच्या पानावर आठ ओळी उतरवल्या आणि जुळणाऱ्या आवाजांखाली पेनाने रेघा मारल्या, पान भरून गेलं रेघांनी. त्या दिवशी माझं ठरलं की हा पोरगा वर जाणार.

२०११ च्या मे महिन्यात सखाराम महाराजांच्या यात्रेला सुरतेहून मावसभाऊ आला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, गाण्यातलं सगळं त्यालाच कळतं असं घरात ठरलेलं. बोरी नदीच्या पात्रात पाळण्यांजवळ उभं राहून मी त्याच्या कानात इयरफोन घातला. त्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि सगळ्या भावंडांसमोर म्हणाला, "दुसरानी चाल लिसन कोनबी गाई. फुकट वाटी राहिना म्हंजे कोनी लेत नही." (दुसऱ्याची चाल घेऊन कोणीही गाईल. फुकट वाटतोय म्हणजे कोणी घेत नाही.) सगळे हसले.

त्याच सप्टेंबरात कोलचा पहिला अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत एक नंबरला, २ लाख १८ हजार कॉप्या. मी सुरतेला फोन लावला तर दादा "हं" म्हणाला आणि शेतीचं विचारायला लागला. आणि २०१५ ला त्याच दादाने मला व्हॉट्सअॅपवर कोलचं गाणं पाठवलं, "हे ऐक, एकदम वेगळा माणूस आहे". ते मात्र लागलं मनाला.

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं ते आता देतो. दादाचे वडील, आमचे काका, भजनी मंडळात पेटी वाजवतात. सिनेमाच्या चालीवर भजन म्हणतात आणि अख्खी गल्ली रात्री एकपर्यंत बसते, चाल चोरली असं कोणी म्हणत नाही, शब्द चालीत कसे बसवले ते बघतात. मिक्सटेपचं तेच आहे. उलट उसनी बीट हीच खरी परीक्षा, कारण मूळ गाणं कानात असतं त्यामुळे नवा पोरगा कुठे कमी पडला आणि कुठे पुढे गेला ते लगेच कळतं. आणि फुकट का, तर दुसऱ्याच्या बीटचे हक्क घेतलेले नसतात, विकायला गेलं तर अडकेल. कोणी घेत नाही म्हणून फुकट नाही दादा. ५० सेंट नावाच्या रॅपरला गोळ्या लागल्यावर त्याच्या रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं होतं, तो मिक्सटेपवरच परत उभा राहिला आणि २००२ ला एमिनेमसारख्या बड्या रॅपरपर्यंत पोचला.

तर ऐकायचं काय? पूर्ण टेप ऐका, एका बैठकीत. एखादं गाणं कोणाचंही चांगलं निघतं. आठव्या-नवव्या गाण्यालाही गाडी, पैसा, दुश्मन हेच चालू असेल तर सोडून द्या. स्वतःची गल्ली, आई, उधारी असं काही त्याचं एकट्याचं यायला लागलं तर थांबा. व्ह्यूज बघूच नका.

हां, याच कानाने मी अजून तिघांवर पैज लावली होती, त्यांचं पुढे काहीच झालं नाही. नुसत्या गुणावर भागत नाही. कोल स्वतः जे-झीच्या स्टुडिओबाहेर तासन्‌तास सीडी घेऊन उभा होता आणि जे-झीने ती घेतली नव्हती, नंतर त्यानेच आपल्या नव्या कंपनीत सगळ्यात आधी याला घेतलं. आणि हल्ली मिक्सटेप आणि अल्बममधला फरकही पुसट झालाय, चान्स द रॅपरने २०१७ ला ग्रॅमी घेतलं ते विक्रीला न काढलेल्या, नुसत्या स्ट्रीमिंगवरच्या कामासाठी.

ते २ जीबीचं कार्ड अजून आहे माझ्याकडे. कॉम्प्युटरला लावलं की फाइलची तारीख दिसते, ऑक्टोबर २०१०. दादा दिवाळीला येणार आहे, या वेळी दाखवणार आहे त्याला.