जस्ताचा रोग शेजाऱ्याला लागत नाही

प्रश्न : चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक जुनं इंग्लिश बनावटीचं धातूचं खेळण्यातलं विमान मिळालं. कपाटात स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या नव्या प्रतिकृतीशेजारी ठेवलं. गणपतीत कपाट उघडलं तर जुन्याच्या पंखाला बारीक तडे आणि स्पिटफायरच्या पोटाखाली पांढरे ठिपके! मुलगा म्हणतो, हा जस्ताचा रोग, एकाचा दुसऱ्याला लागतो. जुनं टाकून देऊ का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : टाकू नका. रोग आहे खरा, पण गोवर-कांजिण्यांसारखा लागत नाही. माझी 31 वर्षं भांडुपच्या एका डायकास्टिंग कारखान्यात, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून वस्तू बनवण्यात गेली. तिथे विमानं नव्हे, नळाच्या मुठी आणि कुलपांची घरं ओतायचो, पण माल तोच, मझॅक. म्हणजे जस्त, त्यात शेकडा चारच्या आसपास ॲल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम. यात शिसं शंभर किलोला पाच ग्रॅमच्या वर गेलं की घोटाळा. भट्टीजवळ सोल्डरचा (डाग द्यायच्या शिसेमिश्रित धातूचा) तुकडा दिसला तर आमचे फोरमन ओरडत नसत, सरळ भट्टी रिकामी करायला लावत. कारण दोष त्या दिवशी दिसतच नाही. माल चकचकीत निघतो, रंगतो, विकला जातो. मग दमट हवेत वर्षानुवर्षं धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून गंज आत शिरत जातो. अंग फुगतं, पंख वाकतो आणि एक दिवस भिजलेल्या बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीची विमानं याबाबत प्रसिद्धच आहेत.

औषध नाही. वरून रंग दिला, चिकटवलं, तरी आतलं पोखरणं चालूच राहतं. मऊ कापडावर आडवं ठेवा आणि उचलणं कमी करा. आहे तितके दिवस बघा.

स्पिटफायरचं दुखणं मला वेगळं वाटतं. मेकअपचा मऊ, कोरडा ब्रश फिरवा. ठिपके निघून गेले आणि खालचा रंग शाबूत असेल तर ती बुरशी. पांढरी भुकटी पुन्हापुन्हा येत असेल, रंगाला फोड असतील, तर ओलीने जस्त वरवर गंजायला लागलंय. तुमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं आहे का? पत्रात तसं नाही, पण माहीम म्हटल्यावर शंका येते. माझंही तसंच होतं. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कपाट नव्या प्लायचं असेल तर आधी महिनाभर उघडं ठेवा. तो जो झणझणीत वास येतो, त्यातली आम्लाची वाफ जस्ताला मानवत नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या भांड्यात मंद आचेवर वाळवा.

आणि थिनर नको. हंटर या लढाऊ विमानाच्या एका प्रतिकृतीवर मी थिनरचा बोळा फिरवला होता. धूळ गेली, स्क्वाड्रनचं चिन्हही गेलं.

प्रश्न : सासरे दर महिन्याला लढाऊ विमानाची एक प्रतिकृती आणतात. खोली 180 चौरस फूट. सासूबाई काही बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. विमान केवढं येणार हे आधी कळतं का?
– एक सून, लालबाग

उत्तर : कळतं. पेटीवर 1:72 लिहिलेलं असेल तर खऱ्या विमानाच्या मापाला 72 ने भागा. स्पिटफायरचा पंखविस्तार 11.23 मीटर, म्हणजे साडेपंधरा सेंटीमीटर. नॅट हे छोटं लढाऊ विमान तर नऊच, तळहातावर मावेल. पण लँकेस्टर बॉम्बर? 31 मीटर, म्हणजे 43 सेंटीमीटर! ते आलं की देव्हारा हलवावा लागेल. बॉम्बर 1:144 मध्येच आणा, असं सासऱ्यांना माझ्या नावाने सांगा. निम्म्यात काम होतं. रिकाम्या पेट्या मात्र रद्दीत देऊ नका, पुढेमागे विकायचं झालं तर पेटीसकट विमानाला जास्त भाव येतो. किंमत ते निम्मीच सांगत असतील. मीही सांगायचो.

प्रश्न : मला परमवीर चक्र मिळालेले हवाई दलाचे वैमानिक निर्मलजित सिंग सेखों यांचं नॅट हवं आहे. दुकानात लाल रंगाचं मिळतंय. रंगवून घेऊ का?
– इयत्ता नववीतला विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : नको रे. लाल नॅट हे ब्रिटिशांच्या रेड ॲरोज या कसरतपथकाचं, शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं दोन आसनांचं विमान. सेखों 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवरून उडाले ते एका आसनाच्या लढाऊ नॅटमधून. रंग बदलशील, दुसरी खुर्ची कुठे लपवशील? थांब, पैसे साठव. भारतीय म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी पंखावरचं वर्तुळ बघ : केशरी बाहेर, हिरवा मध्ये. उलटं असेल तर परत कर.

तोवर एखाद्या रविवारी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जा. तिथे आपल्या एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवलेलं खरंखुरं मरुत हे लढाऊ विमान ठेवलं आहे. त्याची लांबी पावलांनी मोज आणि 72 ने भाग. 22 सेंटीमीटरच्या आसपास उत्तर आलं तर तुझी पावलं बरोबर पडली.