किती वॅटचा एसएमपीएस घेऊ? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रोसेसर ठरतो, ग्राफिक्स कार्ड ठरते, कॅबिनेटमधल्या दिव्यांचा रंगसुद्धा ठरतो. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, विषय निघतो तो बजेट संपल्यावर. मग प्रश्न येतात, तेही बहुतेक वेळा मशीन बंद पडल्यावर. त्यातले वारंवार येणारे काही या वेळी घेतो.

प्रश्न (सांगली): आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि एक एसएसडी असे कोटेशन घेतले आहे. दुकानदार म्हणतो ७५० वॅटच हवा, मावसभाऊ म्हणतो ४५० खूप झाला. कोणाचे ऐकू?

बेरजेचे ऐका. या प्रोसेसरचा ६५ वॅट हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण ती बेस पॉवर, म्हणजे साध्या वेगातली, झाली. जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जातो, आणि हे इंटेलच सांगते. कार्डाचे ११५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. झाले २९० च्या आसपास. मॉनिटर यात धरायचा नाही, त्याचा प्लग वेगळा.

म्हणून काही ३०० चा घ्यायचा नसतो. कार्ड मधूनच क्षणभर ठरल्यापेक्षा बरेच जास्त खेचते, आणि सतत काठोकाठ चालणारा एसएमपीएस तापतो, त्याचा पंखा घोंघावत राहतो. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० सुचवते. चांगल्या कंपनीचा ५५० घ्या. पुढे मोठे कार्ड नक्की घालणार असाल तरच ६५० किंवा ७५०. 'पुढेमागे बघू' याला नक्की म्हणत नाहीत.

पैसे देण्याआधी कोटेशनवर एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या आणि जाणकाराला दाखवा. नुसते '५५० वॅट एसएमपीएस' एवढेच लिहिले असेल, तर कोटेशन परत करा.

प्रश्न (नांदेड): ७५० वॅटचा लावला तर लाइट बिल वाढेल का?

नाही. मशीन जेवढे मागते तेवढेच ओढले जाते.

प्रश्न (बार्शी): दुकानात टॅली, टायपिंग आणि इंटरनेट एवढेच काम. ग्राफिक्स कार्ड नाही.

नावाजलेल्या कंपनीचा ४५० पुरून उरेल. कोणी ६५० गळ्यात मारत असेल, तर त्या पैशांत यूपीएस घ्या.

प्रश्न (ठाणे): कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस फ्री मिळाला होता. आता सेकंडहँड आरटीएक्स ३०६० कार्ड बसवले. त्याला लागणारी ८ पिनची वायर नव्हती म्हणून दुकानदाराने कन्व्हर्टर दिला. गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट होतो. विंडोज फॉरमॅट करा म्हणतात. लेबलचा आणि वायरचा फोटो पाठवत आहे.

फॉरमॅट करू नका. आणि उत्तर पुरते वाचून होईपर्यंत गेमही लावू नका.

तुमच्या फोटोतल्या लेबलवरचा ४५० हा ठळक आकडा विसरा. त्याखाली बारीक टाइपात कोष्टक आहे, त्यात '+१२ व्होल्ट' या रकान्यात १६ अँपिअर लिहिले आहेत. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच असतो. एकट्या ३०६० ला १७० वॅट लागतात. प्रोसेसरच्या वाट्याला राहिले बावीस! हे सगळे लेबल खरे बोलते असे धरून. या वर्गातल्या मालाबाबत तेवढा विश्वास मी ठेवत नाही.

मग ४५० आले कुठून? ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत भरमसाट अँपिअर छापून. पूर्वी प्रोसेसरचा भार ५ व्होल्टवर असायचा, तेव्हा त्या आकड्यांना अर्थ होता. २००० साली पेंटियम ४ च्या सुमारास प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा कनेक्टर आला आणि भार तिकडे सरकला. स्वस्त एसएमपीएसची लेबले मात्र अजून त्याआधीच्या जमान्यात आहेत, कारण गिऱ्हाईक मोठा आकडा बघते आणि दुकानदाराला तो दाखवता येतो.

आता तो कन्व्हर्टर. ८ पिनचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. एसएमपीएसला तो मुळातच दिलेला नाही, याचा अर्थ बनवणाऱ्याने स्वतःच सांगून ठेवले आहे की एवढा भार आपल्याला झेपणार नाही. दुकानदाराने दोन मोलेक्स (जुन्या हार्ड डिस्कला वीज देणारे चार पिनचे प्लग) जोडून ते झाकले. वायरच्या फोटोत '२२ एडब्ल्यूजी' दिसते. हा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. चांगल्या एसएमपीएसच्या वायरवर साधारणपणे १८ असते. भिंतीतला प्लग काढून मग कन्व्हर्टरचा कनेक्टर बघा. प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडले असेल किंवा बोटाला मऊ लागत असेल, तर मशीन चालूच करू नका.

चांगला एसएमपीएस भार झेपेना की स्वतःहून बंद होतो. हलक्या मालात पैसे वाचवायचे म्हणून हे संरक्षण अनेकदा गाळलेले असते. असा हलका एसएमपीएस जातो तेव्हा बोर्ड, कार्ड, हार्ड डिस्क घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटवर वाचवलेले पैसे तिथे वसूल होतात. लॅमिंग्टन रोडवर असो की गावच्या बाजारात, 'फ्री एसएमपीएस' ही पाटी दिसली की कॅबिनेट एसएमपीएसविना केवढ्याला, हे विचारा.

कार्डही सेकंडहँड आहे, त्यामुळे दोष त्यातही असू शकतो. तेव्हा दुसऱ्या तंत्रज्ञाकडे मशीन न्या आणि आधी खात्रीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर चालवून बघायला सांगा.

प्रश्न (कोल्हापूर): '८० प्लस गोल्ड' म्हणजे सुरक्षित, असे व्हिडिओत ऐकले. खरे का?

अर्धवट. ते प्रमाणपत्र भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती मशीनला पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच सांगते. संरक्षणाचे वेगळे तपासावे लागते. घेण्याआधी त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचा, किंवा जो ते रोज उघडतो त्याला विचारा.

प्रश्न (मडगाव): कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. वॅट कमी पडतात का?

वॅटचा काही संबंध नाही. घरच्या अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येते. प्रवाह थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते. पण एसएमपीएस आतून बिघडला असेल तरही पत्र्यात करंट येतो, आणि नुसत्या हाताने दोन्हींतला फरक कळत नाही. चप्पल घालून बसणे हा उपाय नाही. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात बसवणारी ती छोटी गट्टी असेल तर फेकून द्या. वायरमनला बोलवा आणि अर्थिंग टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने मोजून घ्या. तोपर्यंत प्लग काढलेला बरा.

प्रश्न (पुणे): यूपीएस ६०० व्हीएचा आहे. लाइट गेली की यूपीएस ओरडतो आणि पीसी लगेच बंद. एसएमपीएस ६५० वॅटचा आहे.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॅट लिहिलेले असते, मागे बघा. त्यावर मॉनिटरही आहे. शिवाय बॅटरी जुनी असेल, किंवा यूपीएसच्या विजेची ओबडधोबड लहर तुमच्या एसएमपीएसला मानवत नसेल. आधी बॅटरी तपासून घ्या, मग मोठ्या यूपीएसचे बोलू.

प्रश्न (नाशिक): मित्राच्या जुन्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या वायरींच्या) एसएमपीएसच्या वायरी माझ्यात बसतात. वापरू का?

नाही. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. बसणारी वायरही डिस्क जाळू शकते.

प्रश्न (लातूर): आठ वर्षांचा एसएमपीएस. दोन महिन्यांपासून मधूनमधून करपट वास येतो, पण पीसी चालतो. जास्त वॅटचा घेतला की जाईल का?

दोन महिने! हे लिहायला बसण्याआधी प्लग काढायचा होता. वॅटचे नंतर. आधी वास एसएमपीएसचा, बोर्डाचा की सॉकेटचा, हे तंत्रज्ञाला शोधू द्या. स्वतः एसएमपीएस खोलू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहू शकतात. डेटा महत्त्वाचा असेल तर 'बॅकअपपुरते एकदा' म्हणून मशीन चालू करू नका. डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर कॉपी करून द्या, असे तंत्रज्ञालाच सांगा.