आठवीतल्या मुलीला ‘स्वतंत्र चल, अवलंबी चल’ पाठ आहे, पण प्रयोग करताना ओळखता येत नाही. घरी कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय, मुलीला व्याख्या तोंडपाठ आहेत, आणि ‘तुझ्या प्रयोगातला स्वतंत्र चल कोणता?’ असं विचारलं की ती गप्प होते. तुम्ही सोलापूरचेच आहात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी इथे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि ही अडचण दरवर्षी वर्गात पाहतो.

आधी माझं मत सांगतो. व्याख्यांपासून सुरुवात करूच नका. जिच्याबद्दल घरात दोन मतं आहेत अशी एखादी गोष्ट तिच्या हाती द्या. वाद मिटवायचा तर नीट तुलना करावी लागते, आणि तुलना करायला बसलं की तीन प्रश्न टाळता येत नाहीत: मी मुद्दाम काय बदललं, त्यामुळे काय बदललं हे कशावर मोजलं, आणि बाकी काय काय जसंच्या तसं ठेवलं? पहिलं उत्तर म्हणजे स्वतंत्र चल, दुसरं अवलंबी, तिसरं नियंत्रित. पहिली दोन मुलं चटकन सांगतात. खरं विज्ञान तिसऱ्यात आहे आणि शाळेत नेमका त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

आपल्या गावात असा विषय शोधायला लांब जायला नको. कोरा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, चार वेळा धुतला की टिपायला लागतो, हे सोलापुरात कोणीही सांगेल. शहराच्या पूर्व भागात तर घरोघरी माग होते, तिथे हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण किती धुण्यांनंतर फरक पडतो? पाचव्यानंतर अजून सुधारतो की तिथेच थांबतो? हे मुलीला आकड्यांत दाखवायला सांगा.

एकच सुती टॉवेल घ्या आणि त्याचे 10 सेंटिमीटर बाजूचे चौकोन कापा. काही कोरे ठेवा, काही एकदा धुवा, काही तीनदा, पाचदा, दहादा. मग बादलीतल्या पाण्यावर तुकडा अलगद आडवा सोडायचा आणि तो पूर्ण बुडायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं. टॉवेलची शोषकता तपासायला या धंद्यातही बुडण्याचा वेळ मोजतात, त्यामुळे ही काही पोरखेळ पद्धत नाही. धुण्यांची संख्या आपण ठरवतो, सेकंद आपोआप मिळतात. आलेख काढताना धुणी आडव्या अक्षावर, सेकंद उभ्या.

इथवर सगळं सोपं आहे. आता तिला विचारा, ‘हे तुकडे खरंच फक्त धुण्यांच्या संख्येत वेगळे आहेत का?’ काठाजवळच्या भागात टॉवेलभर दिसणारे धाग्यांचे उभे फासे नसतात, त्यामुळे काठाचा तुकडा आणि मधला तुकडा एकसारखे नाहीत. एक तुकडा कडकडीत वाळलेला आणि दुसरा किंचित दमट असेल तरी वेळ बदलतो. एक हलकेच ठेवला आणि दुसरा वरून टाकला तरी बदलतो. म्हणजे सगळे तुकडे मधल्या भागातले, एकाच ठिकाणी वाळवलेले आणि एकाच व्यक्तीने सोडलेले हवेत.

आणि साबण! ही जागा मला फार आवडते, म्हणून इथे थोडं थांबतो. आपण धरून चाललो होतो की धुतल्याने खळ आणि टॉवेल मऊ वाटावा म्हणून लावलेली द्रव्यं निघून जातात, म्हणून टॉवेल पाणी टिपतो. पण धुताना आणखी एक गोष्ट होते. साबणाचा अंश कापडात मागे राहतो. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, आणि पृष्ठताण कमी झाला की पाणी धाग्यांत लवकर शिरतं. मग दहादा धुतलेला तुकडा पटकन बुडाला तो खळ गेल्यामुळे की साबण उरल्यामुळे? एका धुण्यात आपण नकळत दोन गोष्टी बदलल्या. यावर उपाय मुलीलाच शोधू द्या, तिला सुचेल. तुकड्यांचा एक संच साबणाने धुवायचा आणि दुसरा तितक्याच वेळा नुसत्या पाण्याने. साबणाचा संच शेवटी भरपूर पाण्यात खळबळून काढायचा. बादलीतलं पाणीही दर चाचणीला बदलायचं, नाहीतर आधीच्या तुकड्याचा साबण पुढच्याला मदत करणार. तुमच्याकडे नळ आणि बोअर दोन्ही असतील तर सगळ्या चाचण्यांना एकच पाणी वापरा. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि साका कापडावर बसतो, म्हणजे तो आणखी एक चल झाला.

ज्या दिवशी मुलगी स्वतःहून म्हणेल, ‘बाबा, हे दोन्ही एकदम बदललं की,’ त्या दिवशी तिला चल समजले. पुस्तकातली व्याख्या तेव्हा वाचायला द्या.

शाळेत नेहमी होणारा रोपांचा प्रयोगही याच नजरेने बघा. एक कुंडी उन्हात, एक कपाटात, आठवड्याने तुलना. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवलेल्या कुंडीला प्रकाशाबरोबर उष्णताही मिळते आणि तिची माती कपाटातल्या मातीपेक्षा कितीतरी आधी सुकते. रोप कोमेजलं तर दोष कोणाचा? दोन्ही कुंड्या घरातच खिडकीपाशी ठेवून एकीवर हवा खेळेल असं खोकं घातलं, तर तुलना बरीच सरळ होते.

त्यातही एक खाच आहे. ज्वारी किंवा मटकी पेरून नुसती उंची मोजली, तर अंधारातलं रोप उंच भरतं. उजेडाच्या शोधात ते लांबच लांब, पिवळट आणि लुसलुशीत वाढतं. उंची हाच अवलंबी चल धरणारं मूल प्रामाणिकपणे लिहिणार की अंधारात वाढ चांगली होते, आणि त्याचं मोजमाप अचूक असेल. ‘वाढ’ हा शब्द वहीत चालणार नाही. उंची, पानांची संख्या, रंग की वाळवल्यावरचं वजन, हे सुरुवातीलाच ठरवून लिहायला हवं. शिवाय एका कुंडीत एकच रोप असेल तर त्यावरून काही सांगता येत नाही, बी मुळातच कमकुवत असू शकतं. दहा-दहा बिया लावा. टॉवेलच्या बाबतीतही प्रत्येक प्रकारचे निदान तीन वेगळे तुकडे हवेत. बुडवलेला तुकडा पुसून लगेच पुन्हा सोडायचा नाही.

हे फक्त गुणांसाठी नाही हे मुलीला पटवायचं असेल, तर आपल्याच जिल्ह्यातला एक मोठा प्रयोग सांगा. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात इथल्या आकाशात कृत्रिम पावसाचा अभ्यास केला. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे सूक्ष्म कण सोडायचे. ते बाष्प ओढून घेतात, थेंब मोठे होतात, आणि पाऊस पडायला मदत होते अशी अपेक्षा. पण कण सोडले आणि पाऊस पडला म्हणून तो कणांमुळेच पडला असं कसं म्हणणार? तो ढग तसाही बरसला असता. एकाच ढगावर दोन्ही करून बघता येत नाही, दोन ढग कधी एकसारखे नसतात, आणि ढगांचं तापमान किंवा ओलावा कोणाला धरून ठेवता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी बीजारोपणाला, म्हणजे असे कण सोडायला, योग्य असे 276 ढग निवडले आणि कोणत्या ढगात कण सोडायचे, कोणता तसाच राहू द्यायचा, हे दैवावर सोपवलं, म्हणजे निवड यादृच्छिक ठेवली. ढगांमधले बाकीचे फरक त्यामुळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. मग रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींची तुलना केली. बीजारोपण केलेल्या भागात सरासरी सुमारे 18 टक्के जास्त पाऊस आढळला. आकाशात ढगच नसेल तर काही होत नाही, हेही त्यातून स्पष्ट आहे. जे नियंत्रित करता येत नाही त्याचं काय करायचं, हा आठवीच्या पुस्तकाच्या पुढचा प्रश्न, पण मुलं तो अगदी मन लावून ऐकतात.

निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष हा क्रम तिच्या पुस्तकात असेल. तो वहीत मांडायला चांगला आहे, काम मात्र तसं सरळ होत नाही. साबणाची शंका प्रयोग अर्धा झाल्यावर आली तर गृहीतकाकडे परत जावं लागतं, आणि ते लपवायचं कारण नाही. फक्त एक कडक नियम ठेवा. पहिल्या चाचणीआधी ‘मला काय होईल असं वाटतं आणि का’ हे पेनाने, तारीख घालून लिहायचं आणि नंतर खोडायचं नाही. अंदाज चुकला तरी प्रयोग चुकला असं होत नाही. मी स्वतः परीक्षक असतो तेव्हा थर्माकोलच्या देखण्या प्रतिकृतीपेक्षा अशा वहीला जास्त गुण देतो. सगळेच देतात असं म्हणणार नाही, पण दिले पाहिजेत.

दहा धुण्यांचा संच तयार व्हायला दीड-दोन आठवडे लागतील, तेव्हा कापाकापी या रविवारीच करा. आणि धुण्याआधी तुकड्यांच्या चारही कडा शिवून घ्या, सगळ्या तुकड्यांना सारखाच दोरा वापरून. नाहीतर प्रत्येक धुण्यात धागे सुटून तुकडा लहान होत जाईल आणि मुलीला आणखी एका चलाचा हिशोब द्यावा लागेल.