कोलन काढावा का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही चौघं मित्र इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. दर रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन अंबाझरी तलावावर बसतो आणि आठवडाभराच्या अभ्यासावर बोलतो. सध्या एकच वाद चालू आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत इफ, फॉर, व्हाइल, डेफ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीशेवटी कोलन (:) द्यावाच लागतो. खालच्या ओळी आत सरकवलेल्या असतात, त्यावरूनच सगळं कळतं. मग कोलन हवा कशाला? प्रॅक्टिकलला कितीतरी मुलांचा प्रोग्राम तेवढ्यावरून अडतो. तो काढून टाका, असा प्रस्ताव आम्हाला पाठवायचा आहे. कुठे पाठवायचा आणि ठरवतं कोण? आमचा एक सीनियर म्हणतो, ‘टिंबा-टिंबावरून काहून भांडून राहिले बे, प्लेसमेंटचं पाहा.’
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : या बाबतीत सीनियरचं ऐकू नका. भाषेतल्या एका चिन्हाचा हिशेब लाखो लोकांना रोज चुकता करावा लागतो, त्यामुळे त्यावर भांडणं योग्यच आहे. फक्त कशाच्या जोरावर भांडता, ते महत्त्वाचं.

तुमच्या कोलनचीच गोष्ट घ्या. तो पायथनच्याही आधीचा आहे. गिडो व्हान रॉसम यांनी पायथन लिहायला घेण्यापूर्वी ॲमस्टरडॅमला एबीसी नावाच्या भाषेवर काम केलं होतं. त्या भाषेची आखणी चालू असताना, १९७८ साली, लॅम्बर्ट मीर्टेन्स, रॉबर्ट डेवार आणि आणखी काही जण पोलंडमधल्या एका जुन्या वाड्यात बसले होते. लिहिण्याच्या दोन-तीन पद्धती समोर होत्या आणि एकमत होईना. शेवटी डेवार यांच्या पत्नी कारिन यांना बोलावून घेतलं. त्या या आखणीत नव्हत्या. त्यांना पहिली पद्धत समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या ते साधारण असं : म्हणजे ‘प्रत्येकासाठी’ हे खालच्या सगळ्या ओळींना लागू आहे होय, नुसत्या त्याच ओळीला नाही? तिथेच सगळ्यांच्या लक्षात आलं की ओळीच्या शेवटी कोलन असता तर हा गैरसमज झालाच नसता.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे हुशार माणसांची वानवा नव्हती, तरी निकाल लागला तो एक वाचणारी व्यक्ती कुठे अडखळली त्यावरून. तुम्ही चौघं लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलता आहात, कारण प्रॅक्टिकलला कोलन विसरतो तो लिहिणारा. पण कोलन ठेवला आहे वाचणाऱ्यासाठी. आणि प्रोग्राम एकदा लिहिला जातो, वाचला जातो कितीतरी वेळा.

मुलं अडतात ही तुमची तक्रार मात्र अगदी खरी आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही याच जागी अडायची, कारण पडद्यावर नुसतं ‘चुकीचं सिंटॅक्स’, म्हणजे रचना चुकली, एवढंच यायचं. काय चुकलं याचा पत्ता नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून तिथे ‘इथे कोलन अपेक्षित होता’ असा स्पष्ट संदेश येतो. दुखणं गेलं आणि भाषेतलं एक अक्षरही हललं नाही. तुमच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर आधी सरांकडे ती बदलून मागा. बदल सुचवताना पहिला प्रश्न हाच असतो : हे भाषेला हात न लावता होईल का?

दुसरा प्रश्न मी कळमन्याच्या बाजारात शिकले. मी २२ वर्षं व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहिते आहे. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपणार होता, म्हणून त्याआधीच्या दिवाळीत एका संत्रा व्यापाऱ्याचा प्रोग्राम मी पायथन ३ वर नेला. प्रिंटला, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवायच्या आज्ञेला, आता कंस लागतो. तो नसेल तिथे प्रोग्राम जागच्या जागी थांबायचा, मी दुरुस्त करायची. एका रात्रीत काम झालं. आठवड्याने त्या काकांचा फोन, ‘मॅडम, हमालीचा हिशेब काहून जुळून नाही राहिला?’

माल होता ११५० किलो, क्रेट २० किलोची. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच यायचं, ५७. उरलेल्या १० किलोंचा सुटा हिशेब प्रोग्राम वेगळा करायचा. पायथन ३ मध्ये तोच भागाकार ५७.५ देतो. क्रेटमागे ६ रुपयांनी ३४२ च्या जागी ३४५ रुपये लागले आणि वर सुट्या मालाचे पुन्हा वेगळे. एका नोंदीत ३ रुपये. प्रोग्राम कुठेही थांबला नाही, एक शब्द बोलला नाही. आठवडाभराच्या पावत्या मी हाताने तपासल्या, त्या काकांच्या गादीवर बसून.

चूक माझीच. पूर्णांक भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचं चिन्ह २००१ च्या २.२ आवृत्तीपासून होतं, ते मी वापरायला हवं होतं. बदलही चांगलाच आहे. एकाला दोनने भागून शून्य आलं की नवशिक्याचा गोंधळ होणारच. पण तेव्हापासून मी प्रत्येक प्रस्तावाला विचारते : जुना प्रोग्राम यामुळे मोडला तर तो ओरडून मोडेल की गुपचूप? ओरडणारा बदल परवडतो. गुपचूप बदलावर जिवाच्या आकांताने वाद घाला.

२०१८ मध्ये ‘वॉलरस’वर, म्हणजे एखाद्या नावाला किंमत देऊन ती त्याच ओळीत वापरू देणाऱ्या := या नव्या चिन्हावर, रण माजलं होतं. त्याने जुन्यातलं काहीच मोडत नव्हतं. भांडण वाचायला सोपं की अवघड, एवढ्याचंच होतं, तरी इतकं विकोपाला गेलं की प्रस्ताव मंजूर केल्यावर त्याच जुलैत गिडो यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. त्या वादात मला सगळ्यांत आवडले ते पायथनचे जुने विकासक टिम पीटर्स. त्यांनी स्वतःचे जुने प्रोग्राम काढले, नवीन चिन्हाने कुठे खरंच सुधारतं आणि कुठे बिघडतं ते पाहिलं, आणि दोन्ही प्रकारचे नमुने प्रस्तावात दिले.

आता ठरवतं कोण? २०१९ पासून पाच जणांचं संचालक मंडळ ठरवतं, त्याला पायथनचे मुख्य विकासक निवडून देतात. बाहेरच्या माणसाने आधी कल्पना चर्चेला ठेवायची, तिच्यात दम दिसला तर एखादा मुख्य विकासक पाठीराखा म्हणून मिळवायचा आणि मग रीतसर प्रस्ताव लिहायचा. त्याला ‘पेप’ म्हणतात.

तुमचा कोलनचा प्रस्ताव तिथे टिकेल असं मला वाटत नाही. पण पाठवायचाच की नाही, हे माझ्या शब्दावर ठरवू नका. येत्या रविवारी एकच वीस ओळींचा प्रोग्राम दोन कागदांवर उतरवून न्या, एक कोलनसह, एक कोलनशिवाय. प्रोग्रामिंग न येणाऱ्या पाच-सहा जणांना, घरच्यांना, शेजारच्या दहावीतल्या मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा. एकालाच दोन्ही कागद देऊ नका, दुसरा आपोआप सोपा वाटतो. तुम्ही मधे बोलू नका. जिथे अडखळतील तिथे समासात पेन्सिलीने खूण करा. ते कागद मला पाठवा, मी पाहीन.