पान सांगा, मग बोलू

(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या 'बाई' या सदरात वाचनाविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या महिन्यातली बहुतेक पत्रं व्हॉट्सॲपवरच्या वाचक गटांबद्दल आली.)

प्रश्न : बाई, आमच्या गावातल्या वाचनवेड्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. रोज कुणीतरी पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकतं. खाली 'अप्रतिम', 'संग्राह्य', जोडलेले हात, फुलांचे गुच्छ. पण पुस्तकाबद्दल कुणी अक्षर बोलत नाही. चर्चा घडवायची कशी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोण कुठवर वाचतं ते देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्याला न विचारता कळतं. परत आलेल्या पुस्तकात लोकांच्या खुणा राहिलेल्या असतात. एसटीचं तिकीट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, हळदीकुंकवाचं आमंत्रण, एकदा तर न भरलेलं लाईट बिल. खूण अडतिसाव्या पानावर, पुढची पानं करकरीत, आणि तोंडाने 'काय सुंदर पुस्तक हो बाई!' तुमच्या गटातली फुलं त्यातलीच. लोक खोटं बोलतात असं नाही. पुस्तक आवडावं अशी त्यांची फार इच्छा असते आणि ती आधी पोचते.

कादंबरी नेमू नका. एक कथा नेमा, दहा-बारा पानांची. दिवाळी अंकातली घेतलीत तर सोपं, कारण निम्म्या घरांत अंक असतोच, नाहीतर वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत मिळतो. आठवड्याची मुदत द्या. मग एकाने, आणि तो गटाचा ॲडमिन नको, कथेतल्या एका पानाला धरून एकच प्रश्न टाकायचा. उदाहरणार्थ, 'पान ४७वर सून दाराला कडी न लावता झोपते, ती विसरून की मुद्दाम?' याचं उत्तर द्यायला विद्वान असावं लागत नाही, पण ते पान वाचलेलं असावं लागतं. 'लेखकाला काय सांगायचं आहे?' हा प्रश्न मात्र चुकूनही नको. दहावीचा पेपर आठवून माणसं गप्प होतात.

आणखी एक. पुष्कळ जणांना मोबाइलवर मराठी टाइप करायचा कंटाळा असतो. त्यांना बोलून पाठवू द्या, फक्त दोन मिनिटांच्या आत. सुप्रभातवाल्यांना हाकलू नका, त्यांचा वेगळा गट काढून द्या. त्यातलीच दोघं-तिघं पुढे वाचायला येतात.

प्रश्न : एका फार गाजलेल्या पौराणिक कादंबरीबद्दल 'मी ती अर्ध्यात सोडली' एवढंच गटात लिहिलं आणि सगळे तुटून पडले. एका काकांनी 'आधी स्वतःची पात्रता तपासा' असं सुनावलं. मी २३ वर्षांची आहे. गट सोडू का?
– लातूर

उत्तर : नको, राहा. ते काका अशी कादंबरी कॉलेजात असताना एका रात्रीसाठी मागून आणून, कंदिलाजवळ बसून वाचणाऱ्यांपैकी असणार. तू कादंबरीला नावं ठेवलीस, त्यांना वाटलं त्यांच्या तरुणपणाला ठेवलीस. आणि ते प्रेम खोटं नसतं गं. या कादंबऱ्या आम्हाला पुन्हा पुन्हा बाइंडिंगला टाकाव्या लागायच्या, शिलाई सैल झाली नाही अशी एक प्रत नाही.

पण तूही अर्धंच बोललीस. कुठे सोडलीस? नायक स्वतःबद्दलच बोलत राहिला तिथे? उपमांवर उपमा आल्या नि दम लागला तिथे? ते पान काढ, चार ओळींचा फोटो टाक आणि लिही, 'काका, इथे मी अडकले, तुम्ही कसे पुढे गेलात?' मग काकांना ते पान उघडावं लागेल. कदाचित पस्तीस-चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच. त्यावर जे काही लिहितील ते वाचण्यासारखं असेल, रागाने लिहिलेलं असलं तरी.

तुझा मजकूरच कुणी काढून टाकला, तर मात्र खुशाल बाहेर पड.

प्रश्न : माझ्या आवडत्या लेखिकेची एक जुनी कादंबरी बाजारात कुठेच मिळत नाही. टेलिग्रामवर तिची पीडीएफ फिरते आहे. 'प्रकाशक छापतच नाही, तर चोरी कसली?' असं गटात सगळ्यांचं म्हणणं. पटत नाही, पण मोह होतो.
– कोल्हापूर

उत्तर : मोह होणारच. पण छपाई थांबली म्हणून हक्क संपत नाही. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो आणि ही वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११पासून कुणालाही छापता येतात. म्हणून तर त्यांचं एकच पुस्तक दुकानात वेगवेगळ्या प्रकाशकांचं दिसतं. पु. ल. गेले २००० साली, म्हणजे तिथे २०६० साल सरेपर्यंत थांबायचं. (आधी ही मुदत ५० वर्षंच होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१च्या अखेरीस त्यांचं साहित्य मोकळं व्हायचं होतं, तेवढ्यात कायदा बदलून दहा वर्षं वाढवली. एका कवीपायी सगळ्यांच्या वारसांचं भलं झालं.) अनुवादाचं आणखी वेगळं. मूळ लेखक केव्हाचा गेलेला असो, अनुवादकाचा हक्क स्वतंत्र मोजतात.

तेव्हा हरिभाऊ आपटे, गडकरी – दोघंही १९१९ साली गेले – यांचं लेखन हवं तेवढं उतरवून घ्या. मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं चढवलेली असतात, मनात किंतू नको.

आता तुमची कादंबरी. तुम्ही कोल्हापूरच्या आणि पत्रात करवीर नगर वाचन मंदिराचं नाव नाही! १८५० सालापासूनची संस्था आहे ती. आधी तिथे जा. जाताना लेखिकेचं आडनाव, प्रकाशकाचं नाव आणि अंदाजे साल कागदावर लिहून न्या. नुसतं 'निळ्या कव्हरचं होतं' म्हणणाऱ्यांनी आम्हाला फार छळलेलं आहे. आणि 'कपाटात नाही' या उत्तरावर मागे फिरू नका. पुस्तक बाइंडरकडे असतं, राखीव कपाटात असतं, कुणाकडे तरी सहा महिने अडकलेलं असतं. 'दाखल नोंदवहीत आहे का?' असं विचारा. दाखल क्रमांक सापडला तर पुस्तक निदान कधीतरी आत आलेलं होतं हे पक्कं झालं, मग मागणी नोंदवून ठेवायची. तिथे नाहीच, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आणि मुंबईचं १८९८पासून मराठी पुस्तकं जमवत आलंय. तुमच्या गटात ठाण्या-मुंबईचं कुणी असेलच की, त्यांना पाठवा.

शेवटचा उपाय प्रकाशकाला पत्र. एकटीने लिहू नका. गटातल्या ज्यांना प्रत विकत हवी आहे त्यांची नावं गोळा करून पाठवा. हल्ली थोड्या प्रतींची छपाईही निघते, पण गिऱ्हाईक आहे हे त्यांना दिसायला हवं. पीडीएफ उतरवून घेणारे मोजले तर शेकड्याने असतात, पत्राखाली नाव घालायला किती उरतात ते बघाच.

हो, चर्चेसाठी पुस्तकातल्या चार-सहा ओळी उद्धृत करायला कायद्याची हरकत नाही. समीक्षेसाठी तेवढी मोकळीक आहे. अख्खं प्रकरण टाकणं म्हणजे उद्धृत करणं नव्हे, एवढं समजतंच तुम्हाला.

प्रश्न : आमच्या गटात 'वर्षात शंभर पुस्तकं' असा संकल्प असतो. मी एकतिसावरच आहे. वेग कसा वाढवू?
– नाशिक

उत्तर : वाढवू नका. तुमच्या यादीतल्या सातव्या पुस्तकातल्या एका तरी माणसाचं नाव न बघता सांगता येतं का पाहा. येत असेल तर तुमचं उत्तम चाललंय.

प्रश्न : आमची मुलगी इथेच जन्मली. मराठी बोलते, पण देवनागरी वाचताना अडखळते. ती मराठी पुस्तकं ऐकते आणि आमच्या ऑनलाइन वाचक मंडळात त्यावर बोलायला उत्सुक आहे. काही सभासद म्हणतात, ऐकणं म्हणजे वाचन नव्हे.
– मेलबर्न

उत्तर : त्या सभासदांच्या आज्या श्रावणात काय करत होत्या? घरात एक जण श्रीधरांची पोथी वाचायचा, हरिविजय नाहीतर पांडवप्रताप, आणि बाकी सगळं घर वाती वळत, भाजी निवडत ऐकायचं. त्या बायकांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. पण पोथी वाचणाऱ्याने ओवी गाळली की 'अरे, मधलं राहिलं' असं त्याच म्हणायच्या. मुलीला बोलू द्या.

अडचण वेगळीच आहे. ऐकणाऱ्याला पान नंबर सांगता येत नाही. तिने प्रकरण आणि मिनिट सांगावं, म्हणजे छापील प्रतवाल्यांना ती जागा शोधता येईल. आणि जमलं तर तोच परिच्छेद तिच्यापुढे छापील ठेवा, कानात आवाज चालू असताना डोळ्यांनी ओळ धरायची. पूर्ण पुस्तक नको, परिच्छेदच. ओळखीची वाक्यं असली की जोडाक्षरांची भीती कमी होते.

प्रश्न : एक सभासद रहस्यकथेचा शेवट दरवेळी बेधडक सांगून टाकतो. काढून टाकावा का त्याला?
– पुणे

उत्तर : ही जात मोबाइलच्या आधीची आहे. आमच्याकडच्या रहस्यकथांत बाराव्या-पंधराव्या पानाच्या समासात शिसपेन्सिलने 'खुनी मावसा' असं लिहिलेलं सापडायचं. खोडून ठेवलं की पुढच्या फेरीत पुन्हा हजर, तेच अक्षर. मात्र एका पुस्तकात त्या महाशयांनी चुकीचा माणूस लिहून ठेवला होता आणि त्या प्रतीला वर्षभर मागणी राहिली.

गटात नियम करा : शेवटाबद्दल लिहायचं तर पहिल्या ओळीत 'पुढे उलगडा आहे' आणि मग भरपूर मोकळ्या ओळी. लांब मजकूर व्हॉट्सॲप 'अधिक वाचा'च्या मागे झाकतं, तेवढं पुरतं. सभासदाला काढू नका. पुढच्या महिन्याची रहस्यकथा निवडून तिच्यावर प्रश्न टाकायचं काम त्यालाच द्या.